मासे, बादल्या आणि मंठ्याचे पाहुणे

गेल्या रविवारी माहेरी भलतंच होऊन बसलं.

मी जालन्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. माहेर हसनाबादकडचं, घर शेतातच. भाची शीतलला बघायला मंठ्याहून पाहुणे येणार होते, म्हणून मी शनिवारीच जाऊन बसले... आत्या म्हणून जरा मिरवायला.

घरामागे माझ्या धाकट्या भावाचं, म्हणजे शीतलच्या बापाचं, दिलीपचं शेततळं आहे. प्लास्टिक अंथरलेलं, चांगलं खोल. त्यात त्याने रोहू-कटला सोडलेत. आता एकेक मासा किलोभराचा झालाय, पंधरा दिवसांत काढायचे होते. वर्षभराची मेहनत ती.

सकाळी साडेसातला त्याची हाक आली. "ताई, जल्दी ये! मासे वर येऊन तोंड वासून राह्यले!"

पळत गेले. पाण्यावर नुसती तोंडंच तोंडं... सगळी 'आ' केलेली. तीन दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही, त्यामुळे पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करत नव्हतं. वारा पडलेला. आणि लाइट पहाटेपासून गायब, म्हणजे पाणी उडवायची मोटरही बंद.

"ऑक्सिजन संपलाय," मी म्हणाले. "हवेतून पाण्यात शिरतो, पण पुढे नुसतं विसरण होतं, ते फार हळू..."

"काय विसरली?"

"विसरले नाही रे, विसरण! डिफ्यूजन! कणाकणाने पसरणं. केसाएवढ्या अंतराला ठीक आहे, पण वीतभर खाली जायला महिने लागतात. म्हणून तर आपल्याला हृदय असतं. रक्त वाहतं, त्याच्यासोबत ऑक्सिजन वाहून जातो. ते अभिसरण, आणि..."

"ताई, पाया पडतो तुझ्या. करायचं काय ते सांग."

करायचं काय... पाणी हलवायचं. मग घरात होत्या नव्हत्या तेवढ्या बादल्या आल्या, त्यांना दोर बांधले. दिलीपने आधीच दम दिला, काठाच्या आत कुणी पाय टाकायचा न्हाई, प्लास्टिकवरून घसरला तो गेला. आम्ही बांधावर उभे राहून पाणी ओढायचो आणि परत तळ्यात ओतायचो. वहिनी पोहे भिजवायचे सोडून आली. शीतल एका डोळ्यात काजळ घालून आली, दुसऱ्याला वेळच मिळाला नाही.

वीस मिनिटांत माझे हात गळून पडले. मासे जिथल्या तिथे, तोंडं तशीच.

आणि तेवढ्यात गाडी वाजली. पाहुणे! तासभर आधी!

मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. दिलीपने निथळत्या कपड्यांनी, बादलीसकट नमस्कार केला. वहिनीचा चेहरा असा झाला की ती स्वतःच पाण्याबाहेरचा मासा वाटली. मी घाईघाईने पाहुण्यांना परिस्थिती समजावली... विसरणापासून. मुलाचे वडील फक्त "अच्छा" म्हणाले.

मुलाची आई मात्र ऐकतच नव्हती. काठापदराची साडी, हातात पर्स, आणि नजर तळ्यावर.

"असं भसकन ओतून काय होतंय?" त्या म्हणाल्या. "पाणी तिथंच पडून राह्यलं. उपणा की!"

"काय?"

"खळ्यावर धान्य उपणून राह्यलो असं समजा. उंच उडवा, पसरून. थेंब थेंब झाला पाहिजे, मंग हवा लागंल त्याला."

पर्स नवऱ्याच्या हातात गेली, पदर कमरेला. बादलीतलं पाणी त्यांनी घमेल्यात घेतलं आणि असं काही वर फेकलं की त्याचं पसरट जाळंच झालं. मी बघतच राहिले. अहो, बरोबरच होतं! थेंब जितके बारीक तितका हवेशी संबंध जास्त. माशाचा कल्ला इतका झालरीदार का असतो, हे मी दर वर्षी परीक्षेत विचारते... पाच मार्कांना.

मग सगळेच उपणायला लागले. मुलगा बँकेत आहे, कडक इस्त्रीचा शर्ट. त्याने जोरात बादली टाकली आणि दोर धरायचाच राहिला. बादली दोरासकट तळाशी! शीतल इतकी मोठ्याने हसली की वहिनीने तिला चिमटा काढला. तो पण हसला, आणि दुसरी बादली मागायला तिच्याकडेच गेला.

दहाच्या सुमाराला वारा सुटला, थोडं ऊन पडलं. एकेक तोंड पाण्याखाली जायला लागलं. लाइट आली तेव्हा वर जेमतेम दहा-बारा उरली होती. दोन टोपल्या मासे मेले, बाकीचे वाचले. दिलीप बांधावर बसला आणि उपरण्याने तोंड पुसायला लागला... बराच वेळ पुसत राहिला. मुलाचे वडील पर्स सांभाळत त्याच्या शेजारी जाऊन बसले.

पोहे अकराला झाले. मुलाची आई वहिनीच्या साडीत, मुलगा दिलीपच्या शर्टात, त्यात असे दोन मावले असते. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी दोन-दोनदा पोहे मागून घेतले.

बुधवारी मंठ्याहून फोन आला. "आमच्याकडून बिलकुल पसंती आहे. तुमच्या मुलीचं काय?"

शीतलने शांतपणे सांगितलं, "सासू पसंत आहे. मुलाला अजून एकदा भेटते."

या रविवारी दोघं जालन्यात भेटतायत.

आणि मी... इतकी वर्षं फळ्यावर अभिसरणाचा बाण काढतेय, एका सेकंदात काढून होतो. तो बाण हाताने ढकलायचा म्हणजे काय, ते आत्ता कळलं. उजवा खांदा अजून वर जात नाहीये. मंठ्याच्या त्या बाईंना मनापासून नमस्कार... सध्या एकाच हाताने.