वाढत्या अंगाचा टूटू

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यातलं एक माझं. आम्हा गणवेशवाल्यांचा एकच धर्म: कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा. बाजूंच्या शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, खाली चांगली चार बोटं दुमड. पोरगं वाढलं की उसवायचं आणि त्याच कपड्यात पुढचं वर्ष ढकलायचं. जूनमध्ये पोतं घातल्यासारखी दिसणारी पोर आईबापांना फार गोड वाटते. पोरीला काय वाटतं, हे अजून तरी माझ्यासमोर कुणी विचारलेलं नाही.

माझी मुलगी सातवीत आहे. दोन वर्षांपासून बॅले शिकते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती एकटी नाचणार असं ठरलं आणि टूटू हवा म्हणाली. टूटू म्हणजे नाचाचा तो जाळीचा घागरा, कमरेभोवती ताटासारखा आडवा उभा राहणारा. विकत कशाला आणायचा, मी मेले का? कापडबाजारात, चाटी गल्लीत गेले आणि कडक जाळी मागितली.

"कॅनकॅन? लेहंगे के नीचे लगाने को?" दुकानदारानं विचारलं.

"नीचे नहीं, ऊपरच," मी म्हणाले. त्यानं मुकाट्यानं ताग्यातून जाळी कापून दिली.

मग मोबाइलवर जुन्या टूटूंचे व्हिडिओ बघत बसले. परदेशातल्या संग्रहालयांत ते उलटे करून दाखवतात, आणि शिवणाऱ्या बाईला कपड्याची उलटी बाजूच खरी. तिथं कळलं की आधी हा घागरा लांब होता, पार पोटऱ्यांपर्यंत, पांढऱ्या तलम कापडाचा. पावलं अवघड होत गेली तसा तो वर सरकत गेला, कारण पायांची मेहनत लोकांना दिसायला हवी होती. तेव्हाही कुणाच्या तरी पोटात दुखलंच असणार. रंगमंचावर गॅसचे दिवे असायचे, त्यांवर ते कापड भुरकन पेटायचं, बायका भाजून मरायच्या. पेटणार नाही असं करून दिलेलं कापड मात्र कडक आणि पिवळट पडायचं, म्हणून काहींनी ते घालायला नकार दिला. मला आधी त्यांचा राग आला. जिवापेक्षा झगा मोठा? पण मग वाटलं, निदान निवड तरी त्यांची होती. पुढं हीच जाळी साध्यासुध्या बायकांच्या घेरदार झग्यांखाली शिरली आणि फिरत फिरत माझ्या वाढदिवसाच्या फ्रॉकपर्यंत आली. मांड्यांना अशी टोचायची की केक कापेपर्यंत मी रडकुंडीला यायची. त्या टोचण्याचं घराणं एवढं जुनं असेल, हे कुणाला माहीत!

एवढं सगळं बघून मी काय केलं? टूटू वाढत्या अंगाचा शिवला. हाताची खोड. चोळीच्या बाजूंना माया, कमरेला दोन बोटं सैल. पोरीनं गिरकी घेतली तर पोर फिरली आणि टूटू जागेवरच. पोर थांबली, तेव्हा टूटू फिरला. ती हसून हसून फरशीवर लोळली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा उसवला. माया कापून टाकली आणि तिच्या आजच्या अंगाला घट्ट बसवला. पुढच्या वर्षी होणार नाही, तर नको होऊ दे. जन्मात एक तरी कपडा पोरीला आजच्या मापाचा मिळायला नको?

माझे थोरले दीर मंद्रूपला शेती बघतात. कामासाठी शहरात आले होते, ते घरी डोकावले आणि दाराला टांगलेला टूटू बघून उंबऱ्यातच थांबले.

"ह्ये काय हाय?"

"पोरीचा नाचायचा ड्रेस हाय."

"आन् खाली?"

"खाली पाय."

त्याखाली कमरेपर्यंतचे घट्ट मोजे असतात, हे सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या लेखी मोज्यातले पाय हे पायच.

"गावाकडची मानसं येनार हायत बगायला," ते म्हणाले. "गुडग्याखाली पायजे. न्हायतर नाचायचंच न्हाय."

"आत्याबाई, तुमच्या आईच की, कासोटा मारून ज्वारी काढायच्या, तवा त्यांच्या पोटऱ्या कुनी झाकल्या वो?"

"त्ये काम हाय."

"ह्ये बी कामच हाय की."

ते चहा न घेताच गेले. नवरा हळूच म्हणाला, वरून एखादा परकर चढवू की. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो पाण्याची मोटर लावायला गेला.

गॅदरिंगच्या दिवशी स्टेजमागं शाळेच्या बाई आल्या. पोरीला वरून खाली न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "अहो, थोडं खाली सोडा की. तुम्ही युनिफॉर्मवाल्या, दुमड असेलच."

"नाही ठेवली."

"मग ही ओढणी गुंडाळा कमरेला. नाहीतर मला हा आयटम घेता येणार नाही. पालकांच्या तक्रारी येतात."

पोर माझ्याकडे बघत होती. रोज शाळेतून आल्यावर खिडकीचा गज धरून टाचा उचलणारी पोर, आणि आता टाचा टेकवून उभी होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"ओढणीत पाय अडकून पडली तर तुम्ही दवाखान्यात न्याल?" मी ओरडलेच. "नाच पायांचा आहे, बाई. पाय दिसणारच."

तेवढ्यात माइकवर तिचं नाव पुकारलं. बाईंच्या हातात ओढणी तशीच राहिली आणि पोर गेली.

स्टेजच्या फळ्या करकरत होत्या. एकदा तिचा तोल गेला, तिनं सावरला. तिच्या पोटरीतला एकेक स्नायू मला विंगेतून दिसत होता आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की टाळी वाजवायचं भानच राहिलं नाही.

बाहेर पटांगणात दीर उभे होते. रागावले होते, तरी आले होते. सोबत गावाकडची चार माणसं. पोर अजून टूटूतच होती. दीर तिच्यावरून नजर काढून मला म्हणाले, "आता हिला कोन करून घेनार?"

मी तोंड उघडायच्या आत पोरच बोलली. "अण्णा, तुमी निस्तं पायच बगत व्हता का? नाच न्हाय बगितला?"

दिरांचे कान लाल झाले. आमच्याकडं अशा वेळी पोरीला 'गप बस' म्हणणं हे आईचं काम असतं, आणि सगळे त्यासाठी माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले नाही.