बाराच्या घंटेला उचललेला हात

गेल्या फेब्रुवारीत नालासोपाऱ्यातल्या एका तरुण मुलीने एक जुनी कॅसेट इंटरनेटवर टाकली, आणि मार्च संपण्याआधी वसईजवळच्या सांडोर गावातल्या आमच्या पी.टी.च्या बाई प्रसिद्ध झाल्या. ही बातमी बाईंना सर्वांत शेवटी कळली आणि सर्वांत कमी आवडली. "ईस्टरआधीचा उपवासकाळ चाललाय," त्या म्हणाल्या. "या दिवसांत प्रसिद्धी बरी नव्हे."

पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाबद्दल तक्रार असलेली मी पाहिलेली ही एकमेव व्यक्ती. बाईंच्या मते जगात दोनच दोष आहेत: काही गोष्टी घाईने होतात आणि उरलेल्या रेंगाळतात. शाळेत त्यांनी आम्हाला चार वर्षे कवायत शिकवली, पण शिट्टी कधी वापरली नाही. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर दोन लाकडी पट्ट्या वाजवून त्या सगळी शाळा चालवत, थांबवत आणि वळवत. त्या पाठमोऱ्या असल्या तरी कोणाचा डावा पाय मागे राहिला हे त्यांना कळे, आणि तो पाय बहुधा माझा असे. निवृत्तीनंतर त्या घरी राजेळी केळ्यांची सुकेळी करू लागल्या. उन्हात घातलेली केळी उलटतानाही त्यांचे हात चारच्या मोजणीत चालत. रविवारी चर्चमध्ये गायकवृंद रेंगाळला की त्या बाकाखाली टाचेने ठेका धरत आणि ऑर्गन वाजवणारा नकळत त्या टाचेच्या मागे जाई. फादरांनी त्यांना जागा बदलण्याची विनंती केली. बाईंनी ती मानली आणि गायकवृंदाच्या आणखी जवळ जाऊन बसल्या. एकदा वसई स्टेशनहून येताना त्यांनी वाटेतच रिक्षा थांबवून चालकाला सांगितले, "अरे, तुझं इंजिन तिसरा ठोका खातंय." गॅरेजवाल्याला खरोखरच दोष सापडला म्हणतात. मी हे स्वतः पाहिलेले नाही. मात्र सांगणारे तिघे एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून मी विश्वास ठेवतो.

एकच सवय कोणाला उलगडत नव्हती. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की गावातली जुनी माणसे हातातले काम थांबवून क्रुसाची खूण करतात. त्या वेळी बाईंचे दोन्ही हात नेमके गुंतलेले असत. शाळेत त्या बारा वाजत आले की पाण्याच्या दोन बादल्या उचलत. घरी केळ्यांचे दोन घड. गावाने त्यांना काहीशा नास्तिक ठरवले होते. त्या चर्चमधली मिस्सा मात्र एकही चुकवत नसत.

आता कॅसेटविषयी. चाळीसेक वर्षांपूर्वी वसईतल्या चार मुलींनी रॉक बँड काढला होता. लग्नात पोरींनी ढोल बडवायचा म्हणजे काय, असे विचारणाऱ्या काकांच्याच मुलांच्या लग्नात त्या वाजवत. बाई ड्रमवर. त्यांची सर्वांत जवळची मैत्रीण गात असे. मुंबईच्या एका कंपनीला पाठवण्यासाठी त्यांनी चर्चमागच्या सभागृहात एक गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे ऐन भरात असताना ड्रम अचानक थांबतो, चार मात्रांची शांतता पसरते, गायिका एकटी पुढे जाते आणि मग ड्रम पुन्हा येतो. कंपनीने नकार दिला. काही दिवसांत बँड मोडला. गिटार वाजवणारी दोन वर्षांपूर्वी वारली. तिचे घर रिकामे करताना मुलाला ती कॅसेट सापडली आणि त्याने ती ओळखीच्या त्या नालासोपाऱ्याच्या मुलीला दिली. तिचा स्वतःचा मुलींचा बँड आहे.

ती मुलगी सांडोरला आली तेव्हा मी बाईंच्या ओसरीवर होतो.

"आजी, तो जो गॅप आहे ना, एकदम कडक! आम्ही सगळ्या तोच कॉपी करतो."

"आजी म्हणालीस तर वाडीला चार फेऱ्या."

"सॉरी, बाई. पण सांगा ना, तेव्हा असं कोणीच करत नव्हतं. हा विचार सुचला कसा?"

"सुचला नाही. चूक झाली."

"बाई, तुम्ही फारच मॉडेस्ट आहात."

"मी तीस वर्षं पी.टी. शिकवली. चूक म्हटली की चूक."

मुलीने तरीही निमंत्रण दिले: मे महिन्यात नालासोपाऱ्यात कार्यक्रम आहे, बाईंनी ते गाणे वाजवावे, शांततेसकट. बाईंनी तिला फक्त सुकेळ्यांचा पुडा दिला.

ती गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या पेपरात दुरुस्ती छापतात ना? माझी छाप. म्हणावं, बाराची घंटा झाली आणि ड्रमवालीने सवयीने हात उचलला. काठी टाकून क्रुसाची खूण केली. त्यामुळे गाणं पडलं, बँड मोडला. आता पोरी त्याच चुकीचं कौतुक करतायत, हे मला चालणार नाही."

"बँड त्यामुळेच मोडला, हे कोणी सांगितलं?"

"तिनेच. कंपनीचं पत्र तिच्याकडे आलं होतं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी ड्रम विकले." मग त्या कोपऱ्यातल्या केळ्यांच्या घडांकडे पाहत म्हणाल्या, "तेव्हापासून बाराला हात मोकळे ठेवत नाही. देवाला तोंडाने नमस्कार करते. चालतं त्याला."

दुरुस्ती छापायची तर दुसरी बाजू विचारावी लागते, एवढा नियम मला नोकरीने शिकवला होता. गायिका वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत मुला-सुनेकडे राहते. मी ईस्टरनंतरच्या सोमवारी तिच्याकडे गेलो. ती पायरी चुकू नये म्हणून जिन्यात कठडा धरून चालते. आवाज मात्र जिन्याच्या तळापर्यंत पोचतो. मी विषय काढला तशी ती उठली आणि कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तिच्यात लग्नाचा दाखला होता, आणि त्याखाली ते पत्र. तीन ओळींचे होते. ड्रमचा उल्लेख नव्हता. मुलींचा बँड बाजारात चालणार नाही, एवढाच आशय होता. मी ते दोनदा वाचले.

"तिला निरोप देशील?" तिने विचारले.

मी म्हटले, हा निरोप मी देणार नाही, तो तुम्हीच द्यायला हवा. ती चप्पल शोधू लागली.

आम्ही रिक्षा केली. सांडोरला पोचलो तेव्हा बाई सुकेळी उलटत होत्या. गायिकेने पत्र पुढे केले. बाईंनी हात पदराला पुसले, पत्र वाचले, मागची बाजू पाहिली आणि पुन्हा वाचले.

"हे तेव्हा का नाही दाखवलंस?"

"दाखवलं असतं तर पहिल्या गाडीने जाऊन त्या माणसाच्या टेबलावर चढली असतीस."

"चढलेच असते."

"म्हणूनच गं. आणि मला वाटलं, आपली चूक असली तर सुधारता येईल. आणखी सराव करू, पुन्हा पाठवू. मुलगी असणं कसं सुधारायचं होतं?"

"मग सुधारलं का नाही?"

"तू आठ दिवसांत ड्रम विकून मोकळी झालीस! विचारलंस मला?"

"तूच सांगितलंस ना, माझ्यामुळे झालं म्हणून!"

"सांगितलं. ते माझंच पाप." गायिका ओट्यावर बसली. "दर उपवासकाळात कबुलीजबाबाला ते सांगत होते. फादर म्हणायचे, तिला जाऊन सांग. चार फादर बदलले."

बाईंनी पत्राची घडी घालून ते परत दिले. मग त्यांनी एक सुकेळे उचलून तिच्या हातावर ठेवले. "कडक झालंय. दात आहेत ना?"

"समोरचे आहेत."

"पुरे."

त्यानंतर जे घडले ते थोडक्यात असे. दुरुस्ती छापून आली नाही. बाईंनीच मागे घेतली. मे महिन्यात नालासोपाऱ्याच्या कार्यक्रमात दोघींनी ते गाणे सादर केले. ड्रम त्या मुलींच्या बँडचे होते. बाईंनी त्याआधी सर्वांना सांगून ठेवले होते की एकही मात्रा सुटणार नाही, आणि सुटली नाही. मागच्या रांगेतल्या काही पोरींची निराशा झाली. त्या शांततेसाठी आल्या होत्या. नालासोपाऱ्याच्या मुलीने नंतर विचारले, "बाई, तो गॅप आम्ही आमच्या गाण्यात ठेवला तर चालेल?" बाई म्हणाल्या, "ठेवा. पण का थांबता ते आधी शिका."

जूनमध्ये बाईंनी कोणाचे तरी वापरलेले ड्रम विकत घेतले. ते केळी पिकवायच्या खोलीत आहेत. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा तक्रार करायला आलेला शेजारी तासभर बसून ऐकून गेला. गायिका दर गुरुवारी एव्हरशाईन सिटीहून येते. परत जाताना तिच्या पिशवीत कधी भाजी असते, कधी केळी.

गेल्या गुरुवारी मी गेलो तेव्हा दोघी एका नव्या गाण्यावरून भांडत होत्या. गाण्याची दोन कडवी झाली आहेत. तिसरे गायिकेला हवे आहे, बाईंना नको आहे, गाणे रेंगाळेल म्हणून.