माझा फोल्डर
कूलरमधल्या ओल्या खसाचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा, वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. गाझियाबादच्या फ्लॅटबाहेर त्या दुपारी लूचा भाजणारा वारा सुटला होता आणि नवरा कूलरसमोर मांडी घालून आमच्या दोघांत मिळून असलेल्या एकाच लॅपटॉपवर विंडोज नव्यानं टाकत होता. "बॅकअप घेतलाय यार, टेन्शन नको घेऊस," म्हणत त्यानं सगळं पुसलं. संध्याकाळी लॅपटॉप सुरू झाला, तेव्हा त्याच्या ऑफिसच्या फाइल्स जागच्या जागी होत्या, क्रिकेटचे व्हिडिओसुद्धा होते. माझा फोल्डर मात्र नव्हता. त्यात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी लिहिलेलं मुलांचं नाटक होतं, तेही रोमन अक्षरांत, कारण इथे वाढलेल्या आमच्या पोरांना देवनागरी वाचताना घाम फुटतो. एका मुलीला ळ म्हणता येत नव्हता, म्हणून तिच्या प्रत्येक वाक्यातून मी तो वेचून काढला होता. "माझा फोल्डर कुठंय?" मी विचारलं. "अच्छा, तो घ्यायचा होता?" तो मान वर न करता म्हणाला. "मला वाटलं, तुझं काय असणार त्यात!" विसरला असता तर एक वेळ चाललं असतं, पण यानं बघून सोडला होता. नाटक मी पुन्हा लिहिलं, दातओठ खात. आज त्याचा स्वतःचा लॅपटॉप अडकलाय आणि रीसेट करायला त्यानं तो माझ्यापुढे आणून ठेवलाय. स्क्रीन विचारतेय, फाइल्स ठेवायच्या की सगळं काढून टाकायचं? "माझं सगळं ठेव हं," तो स्वयंपाकघरातून ओरडतो. मी बोट बटणावर तसंच ठेवून विचारते, "का रे, तुझं काय असणार त्यात?"