वैद्यबुवांच्या खुंटीवरचे चांदीचे पत्रे

ऑपरेशन सकाळचं ठरलं होतं. क्लोरोफॉर्मची बाटली काढून ठेवलेली, आमचे इंग्रज सर्जनसाहेब हात धुवायला निघालेले, आणि पेशंट खाटेवर नाही. हिराबाई दवाखान्याच्या पायरीवर गाठोडं बांधून बसली होती. शेजारी तिचा नवरा दामाजी, कोपरीचा मिठागरवाला. एरवी मोठा बोलघेवडा. त्या दिवशी मात्र जमिनीकडे बघत म्हणाला की आम्ही कल्याणच्या वैद्यबुवांकडे जातो, लेपानं गाठ मुळासकट पडते.

मी तेव्हा ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. म्हणजे सर्जनच्या खाली, कंपाउंडरच्या वर आणि बोलणी खाण्यात सगळ्यांच्या पुढे. हिराबाईच्या स्तनात गाठ होती. कडक, न दुखणारी, वरची कातडी आत ओढलेली. आम्ही त्याला कॅन्सर म्हणतो, वैद्य अर्बुद म्हणतात, आणि ते वाईट यावर दोघांचं एकमत आहे. तिची गाठ अजून बोटांखाली हलत होती. हलते तोवरच कापण्यात अर्थ असतो; आत बरगड्यांना चिकटली की सर्जनने सुरी ठेवून द्यावी. त्यामुळे उशीर परवडणारा नव्हता. घरात लग्नाची मुलगी होती, आणि तिचे हात पिवळे झालेले बघायचे एवढंच हिराबाईचं मागणं होतं.

साहेब भडकले. "पुन्हा तोच झाडपाला! जा कल्याणला. त्या लेपानं बरं झालेलं एक माणूस दाखव, मी स्वतः तो लेप लावीन." रागाच्या भरात बोलले, पण मी तो हुकूम समजलो. मी येईपर्यंत थांबायचं, असं दामाजीकडून कसंबसं कबूल करून घेतलं आणि गाडी धरली.

एखादा भामटा भेटणार अशी माझी खात्री होती. निघाला अगदी सरळ माणूस. पारनाक्याजवळ त्यांचं घर, ओसरीवर रोग्यांची गर्दी. देवघराशेजारच्या खुंटीवर चांदीचे पातळ पत्रे ओवून टांगले होते. आपल्याकडे डोळे बरे झाले की देवीला चांदीचे डोळे वाहतात, तशातलाच प्रकार. गाठ बरी झालेली माणसं तेवढ्याच आकाराचा पत्रा घडवून बुवांच्या देवीला वाहत. वाऱ्यावर ते किणकिणत होते. बुवा म्हणाले, "हा माझा पुरावा. मी तोंडानं काय सांगू?"

लेपात काय असतं तेही त्यांनी लपवलं नाही. दोन-तीन पाल्यांचा रस, हळद आणि सोमल. सोमल म्हणजे आर्सेनिक, जालीम विष. लोक त्याला झाडपाल्याचा लेप म्हणत, पण काम सोमल करी. तो मांस जाळतो. गाठ काळी पडते, तिची खपली होते आणि एक दिवस ती गळून हातात येते. रोग्याला वाटतं, सुटलो. त्याच आठवड्यात सोनाराकडे जाऊन पत्रा घडवतो.

मी विचारलं, ही माणसं आता कशी आहेत? बुवांना ते ठाऊक नव्हतं. पण माणूस उमदा, पागोटं चढवून माझ्याबरोबर निघाले. पहिली भेटली एक कुंभारीण, ठणठणीत. खोदून विचारल्यावर कळलं, गाठ झाली तेव्हा मूल अंगावर पीत होतं, गाठ ठणकत होती, तापही होता. म्हणजे ते दुधाचं गळू, पोटीस बांधूनही फुटलं असतं. दुसऱ्या घरी सून बाहेर आली. सासूबाई पत्रा वाहिल्यावर वर्षाच्या आत गेल्या होत्या. तिसऱ्या घरचा यजमान बुवांना बघून उलट आनंदला. बायकोची गाठ परत आली होती, हात वर होत नव्हता, आणि त्याला आणखी लेप हवा होता.

परतताना बुवांनी पागोटं काढून काखेत धरलं. मग म्हणाले, "पत्रा मी कुणाकडे मागितला नाही हो. त्यांनी आपण होऊन आणला." ते खरंच होतं.

मी विजयी मुद्रेनं ठाण्याला आलो आणि हिराबाईला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मना येक सांगा, डाक्तर. तुमच्या सायबानं कापलेल्या बाया आता कुठं हान?"

आमच्याकडे जखम भरली, टाके निघाले की पेशंट 'बरी' म्हणून घरी जाई. पुढे तिचं काय झालं हे विचारायला कोणी गेलं नव्हतं. मी मनातून ओशाळलो. साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दवाखान्याचं जुनं रजिस्टर काढून माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "शोध."

शोधलं. काही गाव सोडून गेलेल्या, काही वारलेल्या. ठाण्यातच, नौपाड्यात, एक विधवा कासारीण मात्र जिवंत होती. मी हिराबाईला तिच्याकडे नेलं. कासारणीनं मला अंगणात बसवून दार लावून घेतलं. आत दोघींचं काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. बाहेर येऊन हिराबाई एवढंच म्हणाली, "कापल्या अंगाच्या हातानं तिनं माज्या म्होरं फळीवरचा हंडा उतरवला. सायबाला सांगा, कापा."

ऑपरेशन झालं. क्लोरोफॉर्मनंतर तिला उलट्यांनी हैराण केलं, पाणीसुद्धा टिकेना. बुवा चौकशीला आले ते सुंठ-वेलदोड्याचा काढा घेऊनच. साहेबांनी विचारलं, यात सोमल आहे का? मी म्हटलं, नाही. "मग द्या. पण जखमेला यांचं काहीही लावायचं नाही." काढा घेतल्यावर पेज पोटात राहू लागली. काढ्यानं राहिली की उलट्या आपोआप थांबायच्याच होत्या, हे मी आजही छातीठोक सांगणार नाही.

टाके काढले त्या दिवशी दामाजी साहेबांसमोर उभा राहिला. हातात नवा कोरा चांदीचा पत्रा. साहेबांना काही उमजेना. मी पुढे होऊन म्हटलं, "आज नको, दामाजी. मुलीचं लग्न लागू दे, मग आणा." तो दुखावला. पत्रा धोतराच्या कनवटीला लावून निघून गेला.

लग्न झालं. मी जेवायला गेलो होतो. हिराबाईनं स्वतः पंक्तीत वाढलं, आणि मी तिच्या हाताकडेच बघत होतो. जेवण झाल्यावर दामाजीनं तोच पत्रा माझ्या हातावर ठेवला. पुढे काही वर्षांनी गाठ काखेत परत आली आणि त्यातच ती गेली. साहेब तोवर विलायतेला परतले होते. त्यांना मी पत्र लिहून कळवलं, कारण आता कळवायची सवय लागली होती.

कल्याणच्या बुवांनी मेलेल्यांचे पत्रे एकेक करून खुंटीवरून उतरवले. शेवटी कुंभारणीचा एकच उरला, आणि तो किणकिणेना. आमच्या दवाखान्यात खुंटीच नव्हती, त्यामुळे आमचे किती उतरले असते ते कुणाला दिसलं नाही. एवढ्या नोकरीत शिकलो ते इतकंच: औषध वैद्याचं असो की सर्जनचं, टाके निघाल्या दिवशी चांदी घेऊ नये.