रेडिओला दिलेली उत्तरं

मेलबर्नला जायला मी रोह्याजवळच्या वरशातून निघाले त्या दिवशी गाडी दारात उभी होती, दोन्ही बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि बाबा रेडिओ ऐकत बसले होते. गुंतवणुकीवर चर्चा चालली होती. कुणी एक तज्ज्ञ सांगत होते की पैसा एकदा लावला की दहा-पंधरा वर्षं त्याला विसरून जायचं. बाबांनी आवाज थोडा वाढवला आणि रेडिओकडे बघत म्हणाले, "विसरून जा म्हणायला काय जातं? ज्यानं लावलं त्याला रोज आठवतं." आत डबा बांधत असलेल्या आईनं त्याच तज्ज्ञांची बाजू घेतली, "बरोबर सांगतोय तो. लावलं ना, मग आता उकरून बघू नये." माझा नवरा दारात बूट घालत होता. तो नदीच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावचा, पण आमच्या घरात तेव्हा नवा. सासू-सासऱ्यांना शेअर बाजारातलं एवढं कळतं हे बघून तो अगदी चाट पडला.

ते दोघं माझ्याविषयी बोलत होते, हे त्याला समजावून सांगता सांगता आमचं विमान अर्ध्या वाटेवर पोचलं.

आमच्या घरात वाद व्हायचा तो रेडिओमार्फत. मी लहान असताना बाबा मिठागरावर कामाला होते, कासू स्टेशनापासून बरंच आत, खाडीच्या अंगाला. दिवाळीनंतर मिठागराचं काम सुरू व्हायचं ते पाऊस येईपर्यंत, आणि तेवढे महिने आमचा मुक्काम कुडाच्या खोपीत. मिठागरावर आडोसा म्हणून नसतो. नवरा-बायकोनं जरा आवाज चढवला की आजूबाजूच्या चार खोपींना कळतं आणि दुसऱ्या दिवशी मीठ ओढताना बायका विचारतात, काय गो, काल काय झालं? रेडिओवर चिडणाऱ्या माणसाकडे मात्र कुणी वळूनही बघत नाही. ही युक्ती पहिल्यांदा कुणाला सुचली ते दोघांनीही कधी कबूल केलं नाही. मला कळायला लागलं तेव्हा ती घरात पक्की रुजलेली होती.

तिचे नियम होते. रेडिओला जे बोललं जाईल त्यावर "हे मला बोललात का" असं विचारायचं नाही. उत्तर द्यायचं तर तेही रेडिओलाच, नाहीतर थेट करून दाखवायचं, आणि करताना एक शब्द बोलायचा नाही. एकदा सिनेमावर चर्चा चालली होती, जुन्या नट्या, नव्या नट्या असं काहीतरी. आई भाकरी थापता थापता त्या चर्चा करणाऱ्यांना म्हणाली, "तुमाला काय, रोज पिक्चर बघायचा पगार मिळतो. हितं पेणला जाऊन वर्ष झालं." बाबा जेवत राहिले. पुढच्या रविवारी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले, आणि आम्ही तिघं पेणला पिक्चरला गेलो. का गेलो हे तेव्हाही कुणी बोललं नाही आणि नंतरही नाही. पिक्चर रद्दड होता, पण आई परतीच्या वाटेवर गुणगुणत होती.

घडामोडींच्या चर्चेत बाबा जास्त रमायचे. मंत्री, भाव, निवडणूक, सगळ्यात त्यांचं मत असायचं आणि त्यातल्या अर्ध्या मतांचा रोख आईच्या माहेरावर असायचा. नव्या तंत्रज्ञानावर कुणी बोलायला लागलं की ते हटकून विरोधात. मोबाइलवर एवढं बोललं जायला लागलं तेव्हा आईनं त्या तज्ज्ञांना विचारलं होतं, "शिफ्ट लांबली तर माणूस कुठं हाय ते कळंल का त्यात?" महिन्याभरात घरात मोबाइल आला. तोवर बांध फुटून मिठागर बंद पडलं होतं, बाबा रोह्याजवळच्या एका कंपनीत लागले होते आणि आम्ही वरशात राहायला आलो होतो. म्हणजे आमच्या घरातून पहिलं बिऱ्हाड मी हलवलं नाही. खाडीकडची माणसं अजून म्हणतात की तुम्ही रोहेकर झालात. आई खूप वर्षं म्हणायची की वरशातल्या पाण्याला चव नाही, आणि आम्ही तिला हसायचो. आता मेलबर्नच्या नळाला ग्लास लावून मीही तेच म्हणते आणि माझ्यावर हसायला इथं कुणी नाही.

वरशाचं घर बाबांनी डबल शिफ्ट करून बांधलं. दोन खोल्या, पडवी, वर स्लॅब. कॉलमच्या सळया त्यांनी स्लॅबच्या वर हातभर तशाच सोडल्या. पुढे चढवायचा तो वरचा मजला माझा. मी एकुलती एक, तेव्हा त्यात वाटणीचा प्रश्न नव्हता. निघताना मी पाच वर्षांत परत येते म्हणून सांगितलं होतं, आणि मला ते खरंच वाटत होतं. दर पावसाळ्याआधी बाबा स्लॅबवर चढून सळयांना सिमेंटचं पाणी फासायचे आणि टोकांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घालायचे. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे त्या बाटल्या दिसायच्या. नवरा म्हणायचा, आपल्या मजल्यानं टोप्या घातल्यात बघ.

पाचाची सात वर्षं झाली. मी एका लॅबमध्ये खाद्यपदार्थ तपासायची नोकरी करते. काम बरं आहे, माणसं बरी आहेत, पण दिवसभर मराठीतला एक शब्द तोंडातून निघायचा नाही. म्हणून इथल्या लोकांनी चालवलेल्या रेडिओवर मराठीचा जो एक तास असतो, तिथं मी हौसेनं जायला लागले. शनिवारी सकाळी अकरा ते बारा. एका शनिवारी गुंतवणूक, एका शनिवारी घडामोडी, मग सिनेमा, मग नवं तंत्रज्ञान, पुन्हा पहिल्यापासून. पाहुणा बोलतो, मी त्याला उचकवते. तो हो म्हणाला तर मी नाही म्हणायचं, नाहीतर चर्चा मिळमिळीत होते. या कामात मी पटकन तरबेज झाले. माझं शिक्षण कुठल्या खोपीत झालं ते त्या लोकांना ठाऊक नव्हतं.

शेजारच्यांकडून बाबांनी मोबाइलवर ॲप घालून घेतलं आणि त्याला एक छोटा स्पीकर जोडला. आमचे अकरा म्हणजे त्यांचे सकाळचे साडेसहा. उन्हाळ्यात इथलं घड्याळ एक तास पुढे जातं, मग त्यांचे साडेपाच. यावर ते म्हणाले की तुमच्या देशात घड्याळ पण शिफ्ट ड्युटी करतं. तरी एकही शनिवार चुकला नाही. रविवारी फोनवर आई मला त्यांची उत्तरं सांगायची. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या चर्चेत पाहुणा म्हणाला की यंत्र आता कुणाचाही आवाज हुबेहूब काढतं. तेव्हा बाबांनी घाबरून तिला विचारलं, ही आपलीच हाय ना? आईनं थोडा वेळ ऐकलं आणि निर्वाळा दिला, "आपलीच हाय. श्वास घेताना नाक वाजतंय."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे कळेल. मला माझा कार्यक्रम नको होता, मला ती उत्तरं हवी होती. मी बोलत असताना वरशात पडवीत बाबा काय म्हणतायत ते त्या क्षणी ऐकू यावं असं फार वाटायचं. ती मिळायची दुसऱ्या दिवशी, आईच्या तोंडून, अर्धी विसरलेली. तरी त्या रविवारच्या फोनसाठी मी आठवडा काढायचे.

मागच्या वर्षी गुंतवणुकीच्या फेरीत परदेशात राहणाऱ्यांनी गावाकडच्या घरात पैसा घालावा का, असा विषय होता. पाहुणा घालावा या बाजूचा. मी रिवाजाप्रमाणे दुसरी बाजू घेतली आणि विचारलं, "जिथं आपण राहायला जाणारच नाही, तिथं मजल्यावर मजला चढवून काय उपयोग?" पाहुण्यानं मोठं उत्तर दिलं, ते आता मला आठवत नाही. पुढच्या शनिवारी घडामोडी होत्या. मधल्या रविवारी आईनं बाबांचं उत्तर सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, काय नाय बोलले, चहा पीत होते.

या जानेवारीत आम्ही घरी गेलो. गेटातून आत शिरताना मी सवयीनं वर बघितलं तर स्लॅबवर निळी पत्र्याची शेड. मला वाटलं गळत असेल, सगळेच घालतात. बॅगा पडवीत टाकून वर गेले. सळया बुडातून कापलेल्या होत्या आणि कॉलमची डोकी प्लास्टर करून गुळगुळीत केलेली होती. बाजूला आईनं वाल वाळत घातले होते. मी खाली येऊन तिला विचारलं, स्लॅब गळत होता का?

"गळत नव्हतं गो," ती म्हणाली. "तूच बोललीस ना रेडिओवर. लगेच सोमवारी कापायवाला बोलावला ह्यांनी."

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं. बाबांनी नियम पाळला होता. मी रेडिओवरून बोलले, त्यांनी एक शब्द न बोलता करून दाखवलं, आणि वर्षभर व्हिडिओ कॉल पडवीतूनच होत होते, त्यामुळे दर आठवड्याला बोलत असूनही मला त्याचा पत्ता नव्हता. मी आईला समजावू लागले की अगं, तो माझा प्रश्न नव्हता, ऐकणाऱ्यांच्या वतीनं विचारावं लागतं. ती "असं व्हय" म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दोन दिवस मी स्वतःलाही तेच समजावत राहिले. पण माझ्या बॅगेत तळाशी, साड्यांच्या खाली, वेगळ्या रंगाचा पासपोर्ट होता. इथलं नागरिकत्व घेऊन आम्हाला आठ महिने झाले होते. मी ते घरी सांगितलं नव्हतं. आणि तो प्रश्न कार्यक्रमासाठी मला लिहून दिलेल्या प्रश्नांत नव्हता, तो माझा मला सुचला होता, ही गोष्ट मला चांगली आठवत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा अष्टमीला गेला होता आणि आम्ही तिघं मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. रेडिओवर कुठल्याशा निवडणुकीची चर्चा चालली होती आणि बाबा गप्प होते. एवढ्या वेळात त्यांनी त्या लोकांना एकदाही टोकलं नव्हतं. मी उठले आणि रेडिओ बंद केला. आमच्या घरात चालू चर्चा कुणी मधेच बंद करत नसे. आईनं मान वर करून बघितलं.

"बाबा, तो प्रश्न मी तुम्हाला विचारला नव्हता," मी म्हणाले. "कार्यक्रमात कुणीतरी उलटी बाजू घ्यावी लागते."

"मग तुझी बाजू कुठली?"

मी वाल सोलत राहिले. रेडिओवर एवढा वेळ गप्प राहिले असते तर कुणीतरी गाणं लावलं असतं. "मी परत राहायला नाय येणार, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला. "ते कळलं मला. उगाच नाय कापल्या सळया," ते म्हणाले. "पण त्या पाव्हण्याला आधी सांगितलंस तू. आमाला मागनं."

आजवर बाबा मला पुष्कळदा रागावलेत, त्यातलं काही लागलं नाही. हे लागलं. मी रडायला लागले तशी आई म्हणाली, "सांगितलं ना आता तिनं. सोला," आणि स्वतःच पदराला डोळे पुसले. मग मी पासपोर्ट आणून त्यांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावून तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितला, कोरी पानंसुद्धा. म्हणाले, फोटोत बारीक दिसतेस.

मेलबर्नला परत येऊन आता काही महिने झाले. वरशात, रोह्यात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल की एकदा सांगून मोकळी झाली, आता तिकडची होऊन सुखानं राहील. मलाही वाटलं होतं. पण परत जायचं ठरलेलं होतं तोवर घराची आठवण यायची आणि मी तिला सांगायचे, थांब, जायचंच आहे आपल्याला. आता तिला सांगायला माझ्याकडे काही नाही. लॅबमध्ये नमुना तपासताना येते, भाजीच्या दुकानात येते, आणि आली की बसून राहते.

गेल्या शनिवारी कार्यक्रम संपवून गाडीत बसले आणि एकटीच मोठ्यानं म्हणाले, मला घरी जायचंय. मग तिथूनच आईला फोन लावला आणि तिला तेच सांगितलं. तिनं विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, ते माहीत नाही, राहायला नाही, पण मला यायचंय. "थांब," ती म्हणाली, "ह्यांना पण तूच सांग," आणि तिनं फोन बाबांच्या हातात दिला.