बाबांच्या खोलीतला हीटर

बहारीनमध्ये घरात हीटर बसवतोय असं फोनवर सांगितलं, तेव्हा पुण्यातली माझी बहीण इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "वाळवंटात हीटर? अगं, उद्या आईस्क्रीम गरम करून खाशील!" तिला काय सांगणार? जनाबियातला आमचा व्हिला उन्हाळ्याशी दोन हात करायला बांधलाय. उंच छत, गुळगुळीत थंडगार फरशी, आणि ऊब धरून ठेवणं भिंतींना माहीतच नाही. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की फरशीवर पाऊल टेकवत नाही. आम्ही दोघं आणि आमची लेक पायमोज्यांवर निभावून नेत होतो. पण त्या हिवाळ्यात माझे सासरे, आमचे बाबा, साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्यानंतरचा तो त्यांचा पहिलाच हिवाळा. गुडघे आधीच दुखरे, त्यात ही फरशी. आले त्याच आठवड्यात एका सकाळी ते पलंगावरून उठेनात.

"सूनबाई, ही फरशी आहे की बर्फाची लादी?"

नवऱ्याने पुढाकार घेतला आणि तिथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. आमच्या कंपाउंडमधलं एक युरोपियन कुटुंब बहारीन सोडून निघालं होतं. त्यांच्याकडून तो एक लांबलचक पत्र्याची पेटी घेऊन आला. भिंतीच्या तळाशी, फरशीलगत स्क्रूने पक्की बसवायचा विजेचा हीटर. खालून थंड हवा आत जाते, वरून गरम होऊन बाहेर येते. कल्पना चांगली होती. बाबा काठी घेऊन चालतात. खोलीत उभा ठेवायचा हीटर त्यांच्या धक्क्याने पहिल्याच दिवशी पडला असता. हा कुठे पडणार नाही, हलणार नाही.

"बसवायला किती वेळ लागतो? तासाभराचं काम," नवरा म्हणाला. त्याचं प्रत्येक काम तासाभराचं असतं.

घरमालक भला माणूस. भिंतीला भोकं पाडू का विचारलं तर "मफी मुश्किल", काही अडचण नाही, म्हणून मोकळा झाला. इलेक्ट्रिशियन मात्र बोलावला की "इंशाल्ला, कल आयेगा" म्हणायचा. तो कल बरेच दिवस चालला. शेवटी उगवला तो एक्स्टेन्शन बोर्ड हातात घेऊनच. म्हणे हीटरची वायर यात खुपसायची, बोर्ड पलंगाखाली सरकवायचा, खलास!

"खलास आम्हीच होऊ," मी म्हटलं. हीटरसोबत आलेली माहितीपुस्तिका मी वाचली होती. त्या घरात ती वाचणारी मी एकटीच. एवढा भार बोर्डावर टाकायचा नाही, घराच्या विजेच्या मुख्य पेटीपासून स्वतंत्र लाईन ओढायची, तिला वेगळा ब्रेकर द्यायचा. मी हे हिंदीत समजावत होते आणि इलेक्ट्रिशियन माझ्या खांद्यावरून नवऱ्याकडे बघत होता. नवरा छताकडे.

"मॅडम बोलती है तो कर दो," नवरा अखेर म्हणाला. जणू मी झुंबर मागितलं होतं.

लाईन आली. मग जागेचा घोळ. हीटर खिडकीखाली लावायचा, कारण थंडी तिथूनच शिरते. पण खिडकीला जमिनीपर्यंत लोळणारे पडदे होते, मी हौसेने शिवून घेतलेले. हीटरवर कापड लोळायला नको. म्हणून माझे पडदे खिडकीच्या चौकटीपर्यंत कापले, आणि खोलीला आखूड पॅन्ट घातल्यासारखी कळा आली. बरं, त्याच भिंतीवर, हीटरच्या बरोबर वर, प्लगचा सॉकेट. तिथे बाबांचा मोबाईल चार्जिंगला लागायचा. वायर लोंबून गरम पत्र्याला टेकली तर? मी तो सॉकेट बंद करून घेतला.

"माझा फोन कुठे लावू आता?" बाबांनी विचारलं.

"दरवाजाजवळ आहे ना दुसरा."

"तिथे लावला तर पडल्या पडल्या हात पोहोचत नाही."

मग पलंग. पलंगाचं पायथ्याकडचं टोक खिडकीला टेकलेलं होतं, म्हणजे गोधडी थेट हीटरवर. पलंग मागे ओढला तर कपाटाचं दार उघडेना. मी म्हटलं, फिरवून आडवा लावू. बाबांनी आधी दिशा विचारल्या. उत्तरेला डोकं करायचं नाही, हे मलाही मान्य. पश्चिमेला डोकं केलं की चिंता वाढतात म्हणे. दक्षिणेला डोकं होतं तेच बरं होतं. राहिली पूर्व. पूर्वेला डोकं करून पलंग लावला तेव्हा बाथरूमचं दार अर्धंच उघडू लागलं. नवरा मोबाईलवर खोलीचा नकाशा काढत बसला. हा माणूस सीफ भागातल्या उंच इमारतींची कामं बघतो, आणि एका पलंगापुढे हतबल! शेवटी कपाटच मी दुसऱ्या खोलीत हलवायला लावलं. पलंग पुन्हा दक्षिणेला डोकं करून खोलीच्या मधोमध आला, इस्पितळातल्यासारखा.

हीटर सुरू झाला. तापताना पत्रा टिक् टिक् वाजायचा, पण खोली खरंच उबदार झाली. बाबा खुश. इतके खुश की दुसऱ्या दिवशी त्यांनी हीटरवर पंचा वाळत घातला.

"बाबा, याच्यावर काही ठेवायचं नाही."

"ओला आहे, जळतोय कुठे?"

मी उचलला. मग माकडटोपी आली. मग वर्तमानपत्र. लेक शाळेतून आली की ओरडायची, "आजोबा, इट्स नॉट अ टेबल!" ते तिला मराठीत उत्तर द्यायचे आणि टोपी तिथेच राहायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "होईल गं सवय." कुणाला, ते त्याने कधी सांगितलं नाही.

एके संध्याकाळी ऑफिसातून घरी आले तर दारातच लोकर जळाल्याचा वास. मी बूट न काढता खोलीत धावले. लेकीचा शाळेचा स्वेटर हीटरवर अंथरलेला, मधोमध तपकिरी पडलेला, त्यातून बारीक धूर येत होता. बाबा शेजारीच खुर्चीत बसलेले. सर्दीने नाक चोंदलेलं, त्यांना पत्ताच नाही. मी ब्रेकर पाडला, स्वेटर उचलून अंगणात फेकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडले. "किती वेळा सांगायचं, बाबा? किती वेळा? पेटला असता म्हणजे?"

 ते जेवायला आले नाहीत. नवरा मला म्हणाला, "एवढं ओरडायची गरज होती का?" त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताट घेऊन मीच त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "सकाळी ती गारठलेला स्वेटर घालताना कुरकुरते. म्हटलं, कसा गरम होतो ते आज बघून ठेवावं. तुझ्या सासूबाई शेगडीवर हात शेकून पोरांचे कपडे चोळून द्यायच्या. मी नुसता बघायचो. इथे मला दुसरं काम तरी काय आहे?"

मला वाईट वाटलं. रागही गेला नाही. 

"काम आहे," मी म्हटलं. "स्वेटर तुम्हीच गरम करा. पण गोधडीत. सकाळी उठलात की तुमच्या पांघरुणात घेऊन बसायचं. हीटरला हात लावायचा नाही."

"आणि पंचा?"

"बाबा!"

"बरं, बरं. जेव तू पण."

नवा स्वेटर आला. रोज सकाळी तो बाबांच्या गोधडीतून निघायचा, थोडा अमृतांजनाचा वास घेऊन. लेक नाक मुरडायची आणि घालायची. पंचा मात्र अधूनमधून हीटरवर सापडतच राहिला. मी उचलायचे, ते दुसरीकडे बघायचे.

मार्चमध्ये हवा बदलली आणि बाबा साताऱ्याला परतले. पोहोचल्यावर त्यांचा फोन आला. प्रवास कसा झाला, घर कसं आहे, काही नाही. "सूनबाई, तो हीटर आता तिथे नुसताच पडून आहे ना? इकडे पाठवता येईल का? माझ्या पलंगाशेजारी बरोबर बसेल. जागा मी बघून ठेवली आहे."

"कुठे, बाबा?"

"खिडकीखाली. पडद्याच्या मागे. दिसायलाही बरा दिसेल."

मी डोळे मिटले, आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.