मला नका, शालीला विचारा

बायांनो, आज डोकं लई तापलं. मतिमंद लेकरांचा अभ्यास करणारी एक बाई घरी आली अन् माझ्या नातीचं, शालीचं, सगळं मलाच विचारून राहिली. वीस वर्षांची शाली समोरच हळकुंडं निवडत बसलेली.

म्या म्हणलं, "ती काय खांब हाय का? तिलाच विचारा."

बाईनं विचारलं. शाली आपली हळकुंडं निवडतच राहिली. बाई उठायला लागली.

"बसा खाली. निवडा तिच्यासंगं. संगं काम करणाऱ्याशीच बोलती ती."

बाई बसली. बऱ्याच वेळानं शाली म्हणली, "मला एकटीला बाजारला जायचंय. आजी जाऊ देत न्हाई."

बाई माझ्याकडं पाहू लागली.

"लिहा. खरं हाय ते."

उद्या बाळापूरचा बाजार. शाली आत्ताच पिशवी घेऊन दारात बसलीय. तुमची नात असती तर पाठवली असती का?